मैना पष्टेच्या पायाची केस

मुरबाडच्या एमआयडीसीत खोके बनवणारा एक कारखाना आहे. तिथं मी डिस्पॅचला कारकून आहे. माझी केबिन गेटला लागूनच, त्यामुळे गेटवर जो गार्ड असेल त्याचा आणि माझा अर्धा संसार एकत्र असतो. चहा एकाच थर्मासमधला आणि पंखा दोघांत एक. बारा वर्षांत कितीतरी गार्ड आले नि गेले, बहुतेकांची नावं आता सांगता यायची नाहीत. मैना पष्टेचं मात्र सगळंच सांगता येईल.

मैनाताई किन्हवलीच्या पुढच्या एका गावातली. उंची पाच फूट नऊ इंच. तिचा नवरा अनंता तिच्या खांद्याला लागतो. लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांनी तिच्या मानानं हात वर घेतले, तर पलीकडचा नवरदेव पार झाकून गेला आणि भटजींनी विचारलं, "मुलगा आला का?" हा किस्सा ती स्वतःच सांगायची आणि सांगताना अनंताकडे बघून हसायची. अनंताही हसायचा. भाताची थोडी जमीन, दोन म्हशी आणि भूमिका नावाची एक मुलगी, एवढं त्यांचं घर.

ती गार्ड झाली ती किन्हवलीच्या बाजारात. एक टेम्पो आणि एसटी तोंडाला तोंड लावून अडकली होती आणि दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांच्या आयांची चौकशी करत होते. मैनाताईनं काकड्यांची पाटी खाली ठेवली, दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू मागं घे. आन तू गप बस." पाच मिनिटांत रस्ता मोकळा झाला. त्या एसटीत एका सिक्युरिटी एजन्सीचा सुपरवायझर बसला होता. आमच्या कारखान्यात तेव्हा पॅकिंगला चाळीस बायका नव्यानं घेतल्या होत्या आणि कामावरून जाताना त्यांची झडती घ्यायला बाई गार्ड हवी होती. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर पत्ता काढत तिच्या घरी हजर.

अनंतानं त्याला आधीच सांगितलं, "ही कोणाचं ऐकायची नाय. मागनं मला बोलू नका."

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मैनाताईनं पहिल्यांदा पँट घातली. पहिला आठवडा ती लुगड्यातच यायची आणि बाथरूममध्ये कपडे बदलायची. दुसऱ्या आठवड्यात घरूनच निळा शर्ट, काळी पँट, टोपी, गळ्यात शिट्टी अशी निघाली. ती एसटीत चढली तशी सगळी गाडी वळून बघू लागली. मागच्या बाकावरचं एक टवाळ पोरगं ओरडलं, "मॅडम, तिकीट!" मैनाताई त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "माझं काढलंय. तुझं दाखव." त्याच्याकडे नव्हतं.

झडतीचं काम वाईट असतं. दिवसभर राबलेल्या बाईच्या कमरेला, पिशवीला हात लावायचा, म्हणजे तू चोर असशील असंच तिला सांगायचं. मैनाताई हात लावायची, पण तोंड असं चालू ठेवायची की बाईला आपली झडती होतेय हे कळायचंच नाही. कोणाच्या डब्यात काय होतं, कोणाच्या सासूचं काय बिनसलंय, कोणाची पोरगी नापास झाली, सगळं तिला पाठ. एकदा सावळीच्या पिशवीत चिकटपट्टीचं बंडल निघालं. सावळी पॅकिंगमधली, सरळगावकडची, अगदी अबोल बाई. मैनाताईनं बंडल बाजूला ठेवलं आणि तिला जाऊ दिलं. सकाळी ती मॅनेजरसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, संपत आलेली बंडलं तुमी कचऱ्यात टाकताव. ती बायांना पोरांच्या वह्या-पुस्तकांना लावाला द्या ना." साहेबांनी हो म्हटलं. तेव्हापासून दर शनिवारी उरलेली बंडलं वाटली जाऊ लागली. असं का झालं, हे बाकीच्या बायकांना कधीच कळलं नाही.

अपघात झाला तो दोन हजार एकवीसच्या डिसेंबरात. त्याच्या दोन महिने आधी गेटवरच्या पुरुष गार्डनं नोकरी सोडली होती. एजन्सी म्हणत होती, माणूस मिळत नाही. तोवर मैनाताईच झडती घ्यायची, गाड्यांची नोंद करायची आणि गेटही उघडायची. गेट म्हणजे रुळावर सरकणारी बारा फुटांची लोखंडी भिंत. तिच्या टोकाला गेट अडवणारा जो खुंट होता तो तुटला होता. मैनाताईनं ते मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी चिठ्ठी लिहून मेंटेनन्सला पाठवली. दोन्ही वेळा "बघतो" असं उत्तर आलं.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी होती. शेडच्या सावलीत सावळी धरून सात-आठ बायका आणि मैनाताई डबे उघडून बसल्या होत्या. एक वाजून दहा मिनिटांनी कागदाच्या रिळांचा ट्रक आला आणि हॉर्न देऊ लागला. मैनाताई अर्ध्या जेवणावरून उठली, हात पँटला पुसले आणि गेट ढकलू लागली. मी खिडकीतून बघत होतो. गेट टोकाला गेलं, थांबलं नाही, चाक रुळावरून उतरलं. मग ते कलू लागलं. मैनाताई मागं सरली, पण उजवा पाय रुळाच्या खाचेत अडकला आणि गेट तिच्या पायावर आलं.

ड्रायव्हर, क्लीनर, मी आणि त्या बायका, सगळ्यांनी मिळून गेट उचललं. मैनाताई शुद्धीवर होती. चेहरा पांढराफटक पडला होता. मला म्हणाली, "माझी टोपी घे रे. कोणाच्या पायाखाली येल."

मुरबाडला पट्टी करून ॲम्ब्युलन्सनं तिला उल्हासनगरला नेलं. नडगी दोन ठिकाणी मोडली होती आणि घोट्याचा चुरा झाला होता. तीन ऑपरेशनं झाली, सळई बसवली. पाय वाचला, पण घोटा कायमचा ताठ झाला.

नवव्या दिवशी एजन्सीचा सुपरवायझर हॉस्पिटलात आला, तोच किन्हवलीच्या एसटीतला. त्यानं वीस हजारांचं पाकीट आणि एक टाइप केलेला कागद आणला होता. मदत मिळाली, यापुढे काही मागणं नाही, असं त्यात लिहिलं होतं. औषधांसाठी पैसे लागतच होते. अनंता म्हणाला, "कर सही. निदान एवढं तरी देतात." मैनाताईनं सही केली. मग सुपरवायझर जरा घुटमळला आणि म्हणाला, "तो युनिफॉर्म पण परत लागेल. नवीन बाई घेतलीये, तिला द्यायचाय."

अनंतानं घरी जाऊन युनिफॉर्म शोधला. अपघाताच्या दिवशीची पँट हॉस्पिटलात कापून टाकली होती. दुसरा जोड होता. तो त्यानं धुतला, वाळवला, किन्हवलीहून इस्त्री करून आणला आणि दिला. पुढं कितीतरी दिवसांनी हे मला सांगताना तो जमिनीकडे बघत होता.

घरी आल्यावर तीन महिने मैनाताई खाटेवर होती. अनंता तिला पाठंगुळी घेऊन न्हाणीत न्यायचा. ती त्याच्यापेक्षा उंच, त्यामुळे तिचा चांगला पाय जमिनीवरून घासत जायचा आणि प्लास्टर घातलेला पाय भूमिका पुढून धरून उलटी चालायची. अशी ही वरात दिवसातून तीनदा निघायची. मी भेटायला गेलो तेव्हा मीच हसलो. मैनाताई हसली नाही. एवढी बोलकी बाई, पण विचारलं तेवढ्यालाच उत्तर देत होती. निघताना मला म्हणाली, "नवी बाई झडती कशी घेते? नीट घेते ना?"

पुढचं भूमिकामुळे झालं. ती शहापूरला कॉलेजात होती. शिष्यवृत्तीच्या एका प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टाच्या आवारात गेली, तर तिथं मोफत कायदेशीर सल्ल्याची पाटी दिसली. खाली एक तरुण वकीलबाई बसल्या होत्या, नेहा घरत. भूमिकानं प्रतिज्ञापत्राचं विचारायचं सोडून आईचंच सांगितलं.

"कामावर असताना लागलं?" नेहाबाईंनी विचारलं.

"हो. पण आईनं सही करून दिलीये. पुढं काही मागणार नाही म्हणून."

"कागद आणलास?"

भूमिकाकडे मोबाइलमध्ये फोटो होता. नेहाबाईंनी तो मोठा करून वाचला आणि फोन परत दिला. "कामावर इजा झाली की भरपाई हा हक्क असतो. तो असा खाटेवर पडलेल्या माणसाच्या सहीनं जात नाही. तडजोड करायची तर ती कामगार न्यायालयात भरपाई आयुक्तांपुढं नोंदवावी लागते. आईला म्हणावं, हा कागद विसरा. आणि बायकांसाठी वकील फुकट मिळतो, त्याची काळजी करू नका."

घरी हे ऐकून अनंता घाबरला. "कंपनीशी भांडाचं? आपुन? आन त्यांनी वीस हजार परत मागितले तर?" रात्रभर त्यानं कूस बदलली. मैनाताईही नको म्हणत होती. भूमिकानं मग एकच विचारलं, "आई, चूक तुझी होती का?"

मैनाताईनं ताठ पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "नाय. गेटाची व्हती."

"मग झालं तर."

अर्ज ठाण्याच्या कामगार न्यायालयात गेला. एजन्सी आणि आमचा कारखाना, दोघेही सामनेवाले. काही महिन्यांनी त्यांचं लेखी उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की मैना पष्टे ही झडतीसाठी नेमलेली गार्ड होती, गेट उघडणं तिचं काम नव्हतं. शिवाय तेव्हा जेवणाची सुट्टी होती. ती आपल्या मर्जीनं गेटपाशी गेली आणि तिथं जे झालं त्याला ती स्वतः जबाबदार.

भूमिकानं हे आईला वाचून दाखवलं. मैनाताई तेव्हा काठी घेऊन ओट्यापर्यंत चालू लागली होती. पाय मोडल्यावर ती रडली नव्हती, युनिफॉर्म गेल्यावर रडली नव्हती. हे ऐकून मात्र रडली. "माझं काम नव्हतं?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मग दोन महिने मी कोणाचं काम केलं गो?"

आता माझं सांगतो. गाड्यांच्या नोंदीचं रजिस्टर माझ्या कपाटात असतं. त्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक गाडीचा नंबर, आल्या-गेल्याची वेळ आणि पुढं सही, सगळं मैनाताईच्या हातचं होतं. कोर्टानं ते हजर करायला सांगितलं, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "जुनी रजिस्टरं पावसात भिजली ना रे? टाकून दिली असशील." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. केबिनमध्ये येऊन बसलो. माझ्या घराचं कर्ज चालू होतं, मुलगा दहावीला होता. खरं सांगायचं तर चार दिवस मी ते कपाट उघडलंच नाही.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सावळी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. वर्षाकाठी चार शब्द बोलणारी बाई. म्हणाली, "मी जाते साक्षीला. वकीलबाईंना सांगून आले."

मी म्हणालो, "मैनाताईनं माझं नाव दिलं नाही का?"

"नाय. भूमिका म्हणली व्हती तुमाला बोलवाचं. मैना म्हणली, त्याला नको, त्याची नोकरी जाल."

एवढं बोलून ती डबा खायला गेली. मी कपाट उघडलं. रजिस्टर कोरडं ठणठणीत होतं.

तारखेला आम्ही आसनगावहून लोकलनं एकत्रच ठाण्याला गेलो. मैनाताईला बघून मला बरं वाटलं. नवं हिरवं लुगडं नेसली होती, काठी टेकत होती आणि अनंतावर डाफरत होती, कारण तो तिला सारखा कोपराला धरत होता. "मी काय काचेची हाय? सोड. लोकं बघतात."

माझी साक्ष दहा मिनिटांत झाली. रजिस्टर दाखवलं, अक्षर कोणाचं ते सांगितलं, दोन चिठ्ठ्यांचं सांगितलं. मग सावळी उभी राहिली. एजन्सीच्या वकिलांना वाटलं असावं, ही बाई लगेच गडबडेल.

"तुम्ही जेवत होता म्हणता. मैनाबाई काय खात होत्या?"

"भाकरी."

"कशाची?"

"तांदळाची. आन सुकट. अर्धी खाल्ली, अर्धी तशीच ठेवून उठली. ती मी मागनं झाकून ठेवली."

"जेवणाच्या सुट्टीत उठायची सक्ती होती का त्यांना?"

सावळीनं जरा विचार केला. "हॉर्न वाजला का ती रोजच उठाची. एकदा नाय उठली तं सुपरवायझर तिला सगळ्यांसमोर बोलला व्हता."

"म्हणजे गेट उघडणं त्यांचंच काम होतं, असं तुमचं म्हणणं?"

"साहेब," सावळी म्हणाली, "दुसरा माणूसच नव्हता तिथं. ती नाय उघडणार, तं ट्रक उडून येणार का?"

न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. मला वाटलं, त्या हसल्या. एजन्सीचे वकील खाली बसले.

डॉक्टरांचा जबाब पुढच्या तारखेला झाला. अपंगत्वाच्या दाखल्यावर तीस टक्के होतं. नेहाबाईंनी त्यांना एवढंच विचारलं, "या बाईंना आठ तास उभं राहता येईल का? कधीतरी?" डॉक्टर म्हणाले, नाही. "गार्डच्या नोकरीत बसायला खुर्ची असते का, हे त्यांनाच विचारा," असं नेहाबाई न्यायाधीशबाईंना म्हणाल्या आणि समोरच्या बाजूकडे हात केला.

निकाल लागायला दोन हजार चोवीसचा उन्हाळा उजाडला. पाय तीस टक्के अधू असला तरी गार्ड म्हणून कमावण्याची तिची ताकद साठ टक्के गेली, असं कोर्टानं धरलं. भरपाई आणि अपघातापासूनचं व्याज मिळून आठ लाखांच्या वर रक्कम झाली. आधीचे वीस हजार त्यातून वळते केले. पैसे कारखान्यानं भरायचे आणि हवे तर एजन्सीकडून वसूल करून घ्यायचे, असा हुकूम झाला. हॉस्पिटलातल्या त्या कागदाला काही किंमत नाही, हेही त्यात होतं.

नेहाबाईंनी फोनवर रक्कम सांगितली, तेव्हा मी तिथंच होतो. अनंता मटकन ओट्यावर बसला. मैनाताईनं मात्र फोन हातात घेतला आणि विचारलं, "बाई, ते गेटाचं काय लिवलंय?"

"काय गेटाचं?"

"ते माझं काम व्हतं का नव्हतं, त्याचं."

नेहाबाईंनी निकालाचं ते पान शोधलं आणि वाचलं. अर्जदार ही अपघाताच्या वेळी गेट उघडण्याचं आपलं नेमून दिलेलं काम करत होती, हे पुराव्यानं सिद्ध होतं.

"परत वाचा," मैनाताई म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. मैनाताईनं फोन भूमिकाच्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं आणि चहा टाकायला आत गेली. त्या दिवशी चहात साखर नव्हती. सगळ्यांनी तसाच प्यायला.

सावळीला आणि मला कारखान्यानं काढलं नाही. सहा महिने मॅनेजरसाहेब माझ्याशी कामापुरतंच बोलले, मग विसरले. गेटला नवा खुंट बसला आणि एक खुर्चीही आली.

मैनाताई त्या गेटवर परत गेली नाही. पैशांतून भूमिकाच्या नर्सिंगच्या कोर्सची सोय झाली, घरात खुर्चीसारखा बसायचा संडास झाला आणि अनंतानं ओट्याच्या पायऱ्या फोडून उतार करून घेतला. बाकीचे बँकेत आहेत. म्हशी दोनाच्या चार झाल्या. पण तिचा वेळ आता भलत्याच कामात जातो. तिचं नाव कसं कोण जाणे गार्ड लोकांत पसरलं. गोदामाच्या जिन्यावरून पडलेला, भिंतीवरून उडी मारताना हात मोडलेला, चोरांनी डोक्यात सळई घातलेला, असा कोणी ना कोणी घर विचारत येतो. डोळखांबकडचा कान्हा म्हणून एक गार्ड आला होता, फार्महाऊसवर कुत्र्यांनी पोटरी फोडलेला. मालक म्हणत होता, कुत्री रस्त्यावरची. मैनाताईनं त्याला अर्धा तास दामटलं. कोणत्या तारखेला लागलं, कोणी बघितलं, पगार कसा मिळतो, सगळं त्याच्या तोंडून पाठ करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर शहापूरला गेली. नेहाबाई म्हणतात, मैनाबाईंनी पाठवलेला माणूस आला की मला अर्धंच काम राहतं.

यंदा भातलावणीच्या वेळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. शेतात अनंता, भूमिका, चार मजूर बायका आणि रजा काढून आलेली सावळी वाकून आवण, म्हणजे भाताची रोपं, लावत होते. बांधावर लाल प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यात ताठ पाय पुढं करून मैनाताई बसली होती, डोक्यावर इरलं.

"अनंता, ती वळ वाकडी जाते!" ती ओरडली.

अनंता कमरेवर हात ठेवून उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा तुमी. चिखलात आमी आन सुपरवायझर बांधावर."

"सुपरवायझर नको म्हणूस," मैनाताई म्हणाली. "मी त्याच्यावानी नाय. मी तुमाला जेवाच्या सुट्टीत उठवनार नाय."

सावळी चिखलात उभी राहून मोठ्यानं हसली. इतक्या वर्षांत मी तिचं हसणं पहिल्यांदाच ऐकत होतो. मी चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि वाकड्या ओळीच्या शेजारी उतरलो. माझी ओळ तर त्याहून वाकडी गेली.